सातव्या देवळाची पायरी

१

आई नवस बोलली होती, आणि तो माझ्यासाठी होता.

मी सात वर्षांचा असताना तापाने फणफणलो. एकवीस दिवस ताप उतरेना. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आईने देवापुढे पदर पसरला आणि म्हणाली, पोर वाचलं तर डोंगरातली साती देवळं माझ्या पायांनी करीन. मी वाचलो. देवळं राहून गेली. वडिलांचं आजारपण, ताईचं लग्न, घराचं छप्पर, दरवर्षी काहीतरी निघायचं. मी बावन्न वर्षांचा झालो आणि आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर तिने जमिनीला पाय लावला नाही.

तीन वर्षं मीच तिचं सगळं केलं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतो. लग्न केलं नाही. सकाळी तिचं अंग पुसायचं, भांडं द्यायचं, भरवायचं, शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवायची आणि दुकान गाठायचं. दुपारी घरी यायचं, पुन्हा जायचं. रात्री दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं. लोक मला श्रावणबाळ म्हणायचे. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

त्या वर्षी ताई माहेरी आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आरशात बघतोस की नाही कधी? आईपेक्षा तूच म्हातारा दिसतोयस. दहा दिवस मी बघते तिचं. तू कुठेतरी जाऊन ये."

"कुठेतरी कशाला?" आई अंथरुणातून म्हणाली. "माझी साती देवळं करून ये. मरताना हा एवढाच काटा राहील माझ्या मनात."

"तुझा नवस मी कसा फेडणार?"

"पाय तुझे, कान माझे," ती म्हणाली. "रोज चारला फोन कर. देऊळ कसं आहे ते सांग, त्याची कथा सांग, वाट सांग. मी ऐकत ऐकत येईन तुझ्यामागे."

मी बसस्टँडवर गेलो. तिथल्या टपरीवर साती देवळांच्या कथांची पातळशी पुस्तिका मिळाली, ती घेतली. बस लागली. लोक चढले. मी बाकावर बसलो होतो, कंडक्टरने दोनदा हाक मारली. मी उठलो नाही. कारण विचाराल तर फार क्षुल्लक आहे. त्याआधी त्या बाकावर अख्खा अर्धा तास मला कोणी हाक मारली नव्हती. मला फक्त झोपायचं होतं.

बस गेली. मी आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवरच्या एका लॉजमध्ये खोली घेतली.

२

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक लोखंडी पलंग, एक खुर्ची, एक बेसिन. नळ थेंबथेंब गळायचा. खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची आंधळी भिंत.

मॅनेजरने माझी पिशवी पाहून विचारलं, "यात्रेला निघालात वाटतं?"

"हो, आराम करून पुढे जाईन."

"करा, करा. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पुढेच निघालेला असतो," तो म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर हसला.

मी झोपलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो. तोंड धुतलं, पुस्तिका उघडली आणि बरोबर चारला फोन लावला. ताईने तो आईच्या कानाशी धरला.

"पोचलो गं. पहिलं देऊळ झालं."

"सांग," आई म्हणाली. तिचा आवाज एखाद्या लहान मुलीसारखा झाला होता.

पुस्तिकेत होतं ते मी रंगवून सांगितलं. पहिली देवी पाठमोरी आहे. एकदा मोठा दुष्काळ पडला आणि गाव एकेक करून निघून जायला लागलं. जाणारा प्रत्येक जण तिच्या पाया पडून निघायचा. जाणाऱ्यांच्या पाठी बघणं तिला सोसेना, म्हणून तिनेच तोंड फिरवलं. तेव्हापासून भक्तांना तिची वेणीच तेवढी दिसते, आणि लोक त्या वेणीलाच हात जोडतात.

"पायऱ्या किती?"

ते पुस्तिकेत नव्हतं. "एकशेबारा," मी ठोकून दिलं. "उंच उंच आहेत."

"हळूहळू चढ हं राजा," आई म्हणाली.

फोन ठेवल्यावर मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण थोडीच. मी पुन्हा आडवा झालो. संध्याकाळी ताईचा फोन आला. "अरे, तुझ्या फोननंतर आईला धाप लागली होती. अर्धा तास छाती वरखाली होत होती. आता ठीक आहे. खूश आहे. पोटऱ्या दाबून दे म्हणते."

म्हातारं माणूस, आनंदाने धाप लागली असेल, असं मी म्हणालो.

३

दुसरं देऊळ एका पायावर उभ्या असलेल्या देवाचं. नदीपलीकडून कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने जायला पाय उचलला, पण हाक कोणाची ते आठवेना. पाय तसाच राहिला. तिसरं देऊळ कड्याच्या पोटात. तिथली वाट मी मनाने रचली. उन्हाने तापलेला कातळ, अनवाणी चालायचं, सावली नाही.

त्या संध्याकाळी ताईने विचारलं, "आईच्या तळव्यांना काय लावत होतास तू?"

"का?"

"फोड आलेत. दोन्ही पायांना. चालून चालून येतात तसे."

नळ गळत होता. तो आवाज मी दोन-तीन थेंब ऐकला आणि मग म्हणालो, "गरम पाण्याची पिशवी ठेवली असशील पायाशी."

"मला अक्कल शिकवू नकोस," ताई भडकली. "मी पिशवी कपाटातून काढलेलीसुद्धा नाही."

मी स्वतःची समजूत घातली. तीन वर्षं अंथरुणात पडलेलं शरीर. कातडी कागदासारखी झालेली. चादर घासली तरी फोड येतो. काचा घासण्यात माझं आयुष्य गेलं, घासण्याने काय काय होतं ते मला ठाऊक आहे. पण चादर तळव्यांना घासत नाही, टाचांना घासते, हेही तीन वर्षांत मला चांगलंच ठाऊक झालं होतं.

चौथ्या दिवशी मी मुद्दाम नदी घातली. पुस्तिकेत नव्हतीच. म्हटलं, आई, आज गुडघाभर पाण्यातून जायचंय, गार पाणी आहे, तळाशी बारीक वाळू आहे, फोडांना बरं वाटेल.

"आहाहा," आई म्हणाली. मग म्हणाली, "अरे, तू का नाही उतरलास पाण्यात? काठावरच काय उभा?"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला.

ताईचा फोन यायची मी वाट बघत बसलो. आला. आईचं पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. ताई म्हणाली, तिला कळलं नसेल, अंथरुणातच झाली असेल. मग म्हणाली, "पण वास नाही रे. आणि पातळ पिळलं तर मोरीत वाळू उरली."

त्या वेळी मी खरं सांगू शकलो असतो. घर तीन गल्ल्यांवर होतं. पाच मिनिटांत जाऊन दारात उभा राहू शकलो असतो. पण मला काय वाटलं ते ऐका. मला सुटल्यासारखं वाटलं. आई खरोखरच यात्रा करत होती. मग मी खोटं कुठे बोललो? उलट, मी गेलो असतो तर फक्त मीच गेलो असतो.

मी त्या रात्री शांत झोपलो.

४

पाचवं देऊळ झालं, सहावं झालं. मी आता सावध झालो होतो. सावल्या घालायचो, सपाट वाटा घालायचो, पाणपोया घालायचो. ताई सांगायची, आईचा रंग उजळलाय, भूक वाढलीय, झोपेत पाय हलवते. "यात्रेचं पुण्य गं बाई," काकू म्हणाल्या म्हणे. मला तर वाटायला लागलं की आईला मी चालवतोय, माझ्या जिभेवर तिचे पाय आहेत.

सातव्या दिवशी मी साडेतीनला पुस्तिका उघडली. सहाव्या देवळाची कथा संपली की मागे कुंकवाची जाहिरात होती. सातव्या देवळाचं पान नव्हतंच. फाटलेलं नव्हतं. छापलेलंच नव्हतं. मुखपृष्ठावर मात्र ठसठशीत 'सात देवळं'.

आधीच्या सहा दिवसांत मी ती एकदाही शेवटपर्यंत वाचली नव्हती. ज्या त्या दिवशी जेवढं लागेल तेवढंच वाचायचो, उरलेला वेळ झोपायचो.

चार वाजले. मी फोन लावला आणि तोंडाला येईल ते सांगत सुटलो. डोंगराच्या माथ्यावर देऊळ. आजूबाजूला गाव नाही. घंटा नाही. गाभाऱ्यात मूर्ती कुठली घालावी ते सुचेना, म्हणून म्हणालो, गाभारा रिकामा आहे.

"रिकामा?" आई म्हणाली. "मग कथा काय?"

कथा! मी खिडकीसमोरच्या भिंतीकडे बघितलं. "एक आई होती," मी म्हणालो. "ती मुलाबरोबर देवाला आली. मुलगा म्हणाला, तू पायरीवर बस, मी आलोच. तो परत येईपर्यंत ती उठली नाही. तिला एकटं वाटू नये म्हणून देव गाभाऱ्यातून उठून तिच्या शेजारी येऊन बसला. म्हणून गाभारा रिकामा."

"आणि मुलगा? आला का परत?"

त्याच वेळी दारावर थाप पडली. मॅनेजर. "साहेब, मुदत संपली. खोली दुसऱ्याला दिलीय, चला आटपा."

मी फोनवर हात ठेवला. त्याचं बोलणं आईला ऐकू गेलं असेल अशी भीती वाटली. मग घाईघाईने म्हणालो, "आई, दमली असशील. तू बस पायरीवर. मी चपला घेऊन आलोच."

आणि फोन कापला.

५

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती; लगेच गेलो असतो तर ताईला संशय आला असता, म्हणून मधला वेळ बसस्टँडच्या बाकावर काढला. मी कपड्यांवर थोडी माती चोळून घेतली होती. लॉजच्या खाली एका कुंडीतून घेतली. हे सांगताना आजही कानशिलं तापतात.

ताई दारातच भेटली. "इतक्यात आलास? बरं झालं. आई कशीतरीच करतेय."

आई अंथरुणात पाठीला उशी लावून बसली होती. तीन वर्षांत ती आधाराशिवाय अशी ताठ बसली नव्हती. हात मांडीवर. नजर दारावर. मी आत आलो, तिने माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जरा जागा करून दिली.

"या," ती म्हणाली. "तुम्ही दर्शन करून घ्या. मी थांबलेय."

"आई, मी आलोय."

"माझा मुलगा चपला आणायला गेलाय. खाली दिसला का हो तुम्हाला? चष्म्याच्या दुकानात आहे. फार गुणी आहे."

डॉक्टर येऊन गेले. रक्तदाब बघितला, डोळ्यांत बॅटरी मारली, वयोमान म्हणाले. जाता जाता मात्र त्यांनी विचारलं, "यांना उन्हात बसवता का?" आईचा डावा गाल भाजल्यासारखा लाल झाला होता. त्या खोलीत पडदे कायम ओढलेले असतात.

दोन दिवस ती तशीच बसून राहिली. पाण्याचा थेंब घेईना. "तो आला की घेईन," म्हणायची. तिसऱ्या दिवशी तिचे ओठ फुटले. दुपारी तिने ताईला विचारलं, "बाई, तुमचा मुलगा पण चपला आणायलाच गेलाय का?"

ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "तू एवढी तिची यात्रा केलीस, आणि तुलाच ओळखत नाही रे." मी हात काढून घेतला.

६

मला एकच सुचलं. दुपारी चारला मी ताईला म्हणालो, तुझा फोन आईच्या कानाशी धर, मी स्वयंपाकघरातून लावतो. ताईला वेड्यासारखं वाटलं, पण तिने धरला. भिंतीपलीकडे घंटी वाजलेली ऐकू आली.

"आई?"

आधी नुसता वारा. उघड्या माळावर घोंघावतो तसा. आणि मग आई, "अरे, कुठे आहेस तू? किती वेळ लावलास!"

फोनवर तिने मला ओळखलं होतं.

"आई, ऊठ आता. खाली उतर. मी सांगतो तशी चल."

"कुठून उतरू? वाट कुठाय? तू वाट सांगितलीच नाहीस."

खरं होतं. मी तिला थेट माथ्यावर नेऊन ठेवलं होतं. मी घाईघाईने पायऱ्या रचायला लागलो. डाव्या हाताला पायऱ्या आहेत बघ, दगडी, साठ-सत्तर, कठडा आहे.

"नाहीत रे," ती म्हणाली. "इथे सगळी बाकीची माणसं बसलीत. जागा नाही पाय ठेवायला."

"कोण माणसं?"

"माझ्यासारखीच. त्यांची मुलं पण येताहेत म्हणे." तिने आवाज बारीक केला. "काही तर फार दिवसांपासून बसलीत रे. त्यांच्याकडे बघवत नाही."

मी बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. आतून कोणीतरी येतंय."

"आतून म्हणजे?"

"गाभाऱ्यातून. तू तर रिकामा म्हणालास." आणि थोड्या वेळाने, नवल वाटल्यासारखी, "अगं बाई, तूच की! चपला घेऊन आलास. मग फोनवर कोण बोलतंय?"

वाऱ्यामागून मला आवाज ऐकू आला. "चल आई, दमलीस ना?" माझा आवाज. हुबेहूब. फक्त त्यात कंटाळा नव्हता. तीन वर्षांत मी आईशी त्या आवाजात बोललेलो नव्हतो.

"राजा," आई फोनवर म्हणाली, "हा तूच ना? सांग म्हणजे जाते याच्याबरोबर."

नाही म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द. पण नाही म्हटलं की पुढे सांगावं लागलं असतं, मी तिथे नाही, मी कधीच नव्हतो, मी तीन गल्ल्यांवर झोपलो होतो. आणि ताई आता आईच्या खोलीच्या दारात सरकली होती, अंथरूण दाराला लागूनच म्हणून लांब हात करून फोन आईच्या कानाशी धरलेला, डोळे माझ्यावर. काकूही मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकू मला श्रावणबाळ म्हणायच्या.

"हो," मी म्हणालो. "मीच आहे. जा."

७

आईने त्याच संध्याकाळी पाणी मागितलं. मग चहा मागितला. ताईला नावाने हाक मारली, काकूंना ओळखलं, माझ्या लहानपणच्या तापाची गोष्ट रंगवून सांगितली. गालावरचं भाजलेलं आठवडाभरात गेलं. आणि माझ्याकडे बघून तिने ताईला विचारलं, "हे गृहस्थ कोण गं? यांना कुठेतरी पाहिलंय. हां, देवळात भेटले होते."

ताई परत सासरी गेली. जाताना म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस. होतं असं म्हातारपणी." आईपाशी असावा म्हणून तिने आपला जुना फोन ठेवला. मी तिला काहीच सांगितलं नाही. कोणालाच नाही.

आता मी पूर्वीसारखंच सगळं करतो. अंग पुसतो, भांडं देतो, कुशीवर वळवतो. आई दर वेळी संकोचते. "तुमचे फार उपकार आहेत हो," म्हणते. पाहुण्यांना सांगते, मुलाने ठेवलेत यांना माझ्यासाठी, चांगले आहेत, पण जरा थकलेले असतात.

आणि दुपारी चारला तो जुना फोन वाजतो. पडद्यावर माझंच नाव येतं, माझा फोन माझ्या खिशात असतो. आईला बटण दाबता येत नाही. ते मला दाबावं लागतं, आणि फोन तिच्या कानाशी धरावा लागतो. मी सुरुवातीला दोन दिवस उचलला नाही. त्या दोन दिवसांत आई जेवली नाही, दाराकडे बघत बसली. मग मी उचलायला लागलो. एकदा मी तो माझ्या कानाला लावून "कोण?" म्हणून विचारलं. पलीकडे वारा होता, आणि पुष्कळ माणसं एकदम बसल्या जागी सावरून बसल्यासारखी चाहूल. मग माझा आवाज अगदी आदराने म्हणाला, "दादा, जरा आईला देता का?"

मी दिला.

काल आई म्हणाली, "उद्या येतोय तो मला न्यायला. आता कायमचंच तिकडे. माझ्या पायांना जरा तेल लावून द्याल का हो? चालायचंय."

मी तेल कोमट केलं आणि तिच्या पायाशी बसलो. तळवे घट्ट झालेले, टाचांना भेगा, बोटांच्या मुळाशी घट्टे. लांब चालून आलेल्या माणसाचे पाय. मी चोळत राहिलो. तिने वरून माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"तुम्हाला आई आहे का हो?" तिने विचारलं.

मी खाली मान घालून म्हणालो, "आहे."

"मग तिला एकदा नेऊन आणा. फोनवरून नाही. बरोबर जा." ती हसली. "माझा मुलगा अगदी बरोबर असतो माझ्या."

आज चारला फोन वाजला. तिला मी स्वच्छ पातळ नेसवलं होतं, केस विंचरून दिले होते. पडद्यावर माझं नाव होतं. मी बटण दाबलं, फोन तिच्या कानाशी धरला आणि तिने 'आले, आले' म्हणेपर्यंत तसाच धरून उभा राहिलो.